खिडकी अपुरी पडते तेव्हा: रोपांसाठी घरी बनवायचा एलईडी दिवा

पुण्यातील आमच्या घराची एक खोली उत्तरेकडे उघडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीला पुण्याच्या उत्तरेस असतो आणि त्या काळात या खिडकीत थोडे ऊन येण्याची शक्यता असते. पण नेमका तेव्हाच पावसाळा सुरू होतो आणि आकाश ढगांनी भरून जाते. अशा एका जुलैत खिडकीपासून दोन फूट आत ठेवलेल्या ट्रेमध्ये मेथी पेरली होती. चौथ्या दिवशी ती उगवली, आठव्या दिवशी बोटभर उंच झाली आणि दहाव्या दिवशी पांढुरक्या, दोऱ्यासारख्या देठांवर माना टाकून आडवी पडली. खत, माती, पाणी या सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर शेवटी तिथला प्रकाश मोजला. लक्समीटर ८०० लक्स दाखवत होता. खोली डोळ्यांना लख्ख उजळलेली वाटत होती, पण बाहेरच्या निरभ्र दुपारी उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. आपला डोळा उजेडानुसार स्वतःला जुळवून घेत असल्यामुळे हा शंभरपटीहून मोठा फरक आपल्या लक्षात येत नाही. पानाला मात्र तशी सोय नसते; त्याच्यापर्यंत जेवढा प्रकाश पोचतो, तेवढेच त्याचे अन्न तयार होते.

म्हणून दिवा बनवण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी, असे मी आग्रहाने सांगेन. खोक्यावर छापलेले वॉट किंवा दिव्याचा डोळ्यांना दिसणारा झगमगाट यांवरून काहीही ठरवू नये. पानाच्या उंचीवर किती प्रकाश पडतो, हे मोजावे आणि सगळे निर्णय त्या आकड्यावरून घ्यावेत. पुढील कृती त्याच हिशेबावर आधारलेली आहे.

हिशेब

वनस्पती साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश अन्ननिर्मितीसाठी वापरतात. त्या पट्ट्यातील किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, हे मायक्रोमोल या एककात सांगतात. मेथी, पालक, पुदिना यांसारख्या पालेभाज्यांना आणि टोमॅटो-मिरचीच्या रोपांना घरात २०० मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश रोज १४ तास मिळाला, तर ती सशक्त वाढतात. २०० ला १४ ने आणि मग ०.००३६ ने गुणले की दिवसभराचा एकूण प्रकाश मिळतो: सुमारे १० मोल प्रति चौरस मीटर. कोवळ्या पाल्यासाठी एवढा पुरतो. फळावर आलेल्या टोमॅटोला मात्र याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लागतो, त्यामुळे फळे धरायची असतील तर गॅलरीतील ऊनच बरे. घरातल्या दिव्यावर तो हट्ट धरू नये.

मायक्रोमोल मोजणारे उपकरण महाग असते, पण दिवा पांढरा असेल तर त्याची गरज नाही. साध्या लक्समीटरचा आकडा ७० ने भागला की पांढऱ्या एलईडीसाठी मायक्रोमोलचा पुरेसा जवळचा अंदाज येतो. म्हणजे आपल्याला पानांवर सुमारे १४,००० लक्स हवे आहेत. (उन्हासाठी हा भाजक साधारण ५४ असतो, आणि जांभळ्या दिव्यांना ही पद्धत मुळीच लागू पडत नाही.) मोबाइलमधील ॲपही चालते, मात्र प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा असतो, त्याचा उपयोग दोन जागांची तुलना करण्यापुरताच करावा.

आता रोपे ठेवायची आपली फळी घेऊ. ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद फळीचे क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर होते. तिच्यावर २०० मायक्रोमोल पाडायचे म्हणजे दर सेकंदाला ५४ मायक्रोमोल प्रकाश प्रत्यक्ष पानांवर पोचला पाहिजे. पाव हिस्सा प्रकाश कडेने बाहेर सांडतो असे धरले, तर दिव्यातून ७० ते ७२ निघायला हवेत. बऱ्यापैकी प्रतीची एलईडी पट्टी एका वॉटला १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देते, म्हणजे साधारण १.४ मायक्रोमोल. त्यामुळे ५० वॉटची पट्टी पुरते. वीजपुरवठ्यातील घट धरून भिंतीतून ५७ वॉट ओढले जातात, १४ तासांत सुमारे ०.८ युनिट आणि महिन्याला २४ युनिट होतात. आपल्या बिलावरील दराने या आकड्याला गुणून पाहावे आणि मगच पुढे जावे. जुडीच्या भावाशी तुलना केली तर घरची मेथी महागच पडते. ज्यांना रोपे तयार करायची आहेत किंवा ताज्या पाल्याची आवड आहे, त्यांनाच हा खटाटोप परवडेल.

पांढरा की जांभळा

बाजारात रोपांसाठी म्हणून जांभळे दिवे मिळतात. क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश सर्वाधिक शोषते, हे त्यामागचे कारण खरे आहे. परंतु पान हिरवा प्रकाश वाया घालवते, हा समज चुकीचा आहे. हिरव्या प्रकाशाचाही बराचसा भाग पान वापरते, आणि तो पानात खोलवर व खालच्या पानांपर्यंत पोचतो. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळ्या प्रकाशाची चिप असते आणि तिच्यावरील पिवळट लेप त्यातील काही प्रकाशाचे हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत रूपांतर करतो. म्हणजे पांढऱ्या दिव्यात रोपाला हवे ते सारे रंग असतात. माझ्या दृष्टीने याहूनही मोठे कारण वेगळेच आहे. जांभळ्या प्रकाशात पान पिवळे पडले आहे की नाही, त्याच्या मागे मावा बसला आहे की नाही, हे दिसतच नाही, आणि रोज नीट पाहणे ही तर रोपांची निम्मी निगा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर भाजी वाढवण्यासाठी ‘नासा’ने २०१४ मध्ये बसवलेल्या ‘व्हेजी’ या संचातही लाल आणि निळ्याबरोबर हिरवे एलईडी आहेत. घरासाठी ४,००० केल्विनचा, दुकानात ज्याला नॅचरल व्हाइट म्हणतात तो पांढरा रंग घ्यावा. ६,५०० केल्विनचा कूल व्हाइट घेतला तरी चालतो. त्यात निळा अंश अधिक असल्याने रोपे जरा बुटकी आणि घट्ट राहतात, जे पालेभाजीत चांगलेच असते.

साहित्य

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते. २४ व्होल्टची, मीटरला १२० एलईडी असलेली आणि मीटरला १० वॉट घेणारी पाच मीटरची एक गुंडाळी घ्यावी. १२ व्होल्टची पट्टी अधिक सहज मिळते, पण तेवढ्याच वॉटसाठी तिच्यातून दुप्पट करंट वाहतो आणि तारांमध्ये व्होल्टेज अधिक पडते. वरून आवरण असलेली वॉटरप्रूफ पट्टी टाळावी, कारण ते आवरण उष्णता कोंडून ठेवते आणि कालांतराने पिवळे पडले तर प्रकाश अडवते. दुकानदाराला सांगून गुंडाळी तिथेच पेटवून पाहावी आणि जमल्यास ॲम्पिअर मोजायला सांगावे; पाच मीटरला २ ॲम्पिअरच्या आसपास करंट गेला पाहिजे. १.२ ॲम्पिअरच दिसला, तर छापील वॉट काहीही असोत, ती पट्टी ३० वॉटचीच समजावी.

वीजपुरवठा २४ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा असावा. आपल्याला २.१ ॲम्पिअर पुरतात, पण रोज चौदा तास चालणारे उपकरण पूर्ण क्षमतेवर राबवले की लवकर जाते. येथे दोन मार्ग आहेत. उघड्या टर्मिनलचा, जाळीच्या पत्र्याच्या पेटीतला वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, स्वस्त आणि टिकाऊ असतो, पण त्याला २३० व्होल्टची जोडणी स्वतः करावी लागते. ज्यांनी हे काम आधी केलेले नाही, त्यांनी लॅपटॉपच्या ॲडॉप्टरसारखा पूर्ण बंद, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीची खूण असलेला २४ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्यावा. थोडे पैसे जास्त पडतात, पण मग हाताखाली येणारी प्रत्येक तार २४ व्होल्टचीच असते. पाणी आणि माती जिथे रोज हाताळायची आहेत, तिथे मला हाच मार्ग योग्य वाटतो.

याशिवाय ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, ०.५ चौरस मिलिमीटरची लाल व काळी मऊ तार, १ चौरस मिलिमीटरची थोडी जाड तार, दोन बारा खणी कनेक्टर पट्ट्या, ३ ॲम्पिअरचा फ्यूज व त्याचा होल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), छिद्रांत बसणारे रबरी ग्रोमेट, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, साखळी व एस-हुक लागतील. प्लायवूडवर पट्टी चिकटवून पत्र्याचे पैसे वाचवण्याचा मोह होतो. माझा पहिला दिवा तसाच होता. एप्रिलच्या उकाड्यात पट्टीचा गोंद सुटला आणि एका सकाळी दोन ओळी लोंबकळून तुळशीच्या शेंड्यांना टेकलेल्या आढळल्या. टेकलेली पाने करपून तपकिरी झाली होती. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो. लाकूड ती उष्णता धरून ठेवते, पत्रा ती पसरवून हवेला देतो.

जोडणी

पट्टीवर ठरावीक अंतराने तांब्याचे ठिपके आणि त्यांमधून जाणारी बारीक रेघ असते. तिथेच आणि फक्त तिथेच कापायचे असते. २४ व्होल्टच्या या प्रकारच्या पट्टीत ही रेघ बहुधा दर ५ सेंटिमीटरला येते. ५५ सेंटिमीटरचे नऊ तुकडे कापले की ४९५ सेंटिमीटर पट्टी वापरली जाते आणि जेमतेम बोटभर उरते. प्रत्येक तुकडा वीजपुरवठ्याला स्वतंत्रपणे जोडायचा आहे. पाच मीटरची सलग पट्टी एकाच टोकाने पेटवली, तर तिच्या पातळ तांब्यात व्होल्टेज पडत जाते आणि दुसरे टोक मंद होते. तुकडे समांतर जोडले की प्रत्येकातून फक्त पाव ॲम्पिअरच्या आत करंट जातो आणि सर्व ओळी सारख्या उजळतात.

तारा पट्टीला पत्र्यावर चिकटवण्यापूर्वी सोल्डर कराव्यात. चिकटवल्यानंतर करायला गेल्यास ॲल्युमिनियम आयर्नची उष्णता शोषून घेते, सोल्डर वितळत नाही, आपण आयर्न अधिक वेळ दाबून धरतो आणि तांब्याचा ठिपका सालासारखा उचलला जातो. आधी ठिपक्यावर किंचित फ्लक्स लावून सोल्डरचा छोटा थेंब घ्यावा, सोललेल्या तारेच्या टोकालाही सोल्डर पाजावे, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून आयर्न दोन सेकंद टेकवून उचलावी आणि तार गार होईपर्यंत हलू देऊ नये. चांगला जोड गुळगुळीत व चमकदार दिसतो; मळकट, दाणेदार जोड पुन्हा करावा. प्लस आणि मायनसचे थेंब एकमेकांना भिडले नाहीत ना, हे उजेडाकडे धरून पाहावे. मग जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह सरकवून आवळावी. शेवटी प्रत्येक तुकडा सुटा पेटवून पाहावा. तार उलटी जोडली गेली असेल तर तुकडा पेटत नाही, ती नुसती बदलून घ्यावी.

पत्र्याच्या कडा कानशीने मोडून घ्याव्यात, एका आखूड बाजूला प्रत्येक ओळीसाठी ६ मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि त्यात ग्रोमेट बसवावे, नाहीतर पत्र्याची धार तारेचे आवरण हळूहळू कापते. ओळी समान अंतरावर ठेवू नयेत. फळीच्या मध्यभागी सगळ्याच ओळींचा प्रकाश एकत्र येतो आणि कडा उपाशी राहतात. म्हणून दोन्ही बाजूंकडील दोन-दोन अंतरे ४ सेंटिमीटरची आणि मधली चार अंतरे ६ सेंटिमीटरची घ्यावीत. एकूण ४० सेंटिमीटर होतात आणि दोन्ही कडांना अडीच सेंटिमीटर उरते. खुणा केल्यावर पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावर पट्टी चिकटवावी आणि बोटाने टोकापासून टोकापर्यंत दाबत न्यावी. ओळीच्या दोन्ही टोकांशी पट्टीच्या कापलेल्या कडेतील उघडे तांबे पत्र्याला टेकण्याची शक्यता असते. तिथे पट्टीखाली पिवळ्या पॉलिइमाइड टेपचा लहान तुकडा आधीच लावून ठेवावा. एका ओळीचे प्लस आणि दुसऱ्या ओळीचे मायनस असे दोन्ही पत्र्याला लागले की शॉर्ट होतो, आणि मग वीजपुरवठा टिकटिक आवाज करत दिवा क्षणभर लावतो व विझवतो. हे लक्षण दिसले तर सर्वप्रथम ओळींची टोके तपासावीत.

पत्र्याच्या मागे एक कनेक्टर पट्टी लाल तारांसाठी आणि दुसरी काळ्यांसाठी स्क्रूने बसवावी. एका बाजूचे सर्व खण जाड तारेच्या उघड्या दुव्याने आपसात जोडावेत आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक ओळीची तार घ्यावी. लाल पट्टीकडे येणाऱ्या मुख्य तारेत फ्यूज बसवावा. वीज देण्यापूर्वी मल्टीमीटर बीपवर ठेवून पत्रा आणि लाल, तसेच पत्रा आणि काळी अशा दोन तपासण्या कराव्यात. दोन्ही वेळा शांतता हवी.

उघडा एसएमपीएस वापरणाऱ्यांनी थ्री-पिन टॉपची तीन तारांची केबल घ्यावी, फेज, न्यूट्रल आणि अर्थ त्या त्या टर्मिनलला लग (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून जोडावेत, आणि अर्थची एक तार ॲल्युमिनियमच्या पत्र्यालाही स्क्रूने पक्की करावी. टॉपची मोठी पिन आणि पत्रा यांच्यात मल्टीमीटर वाजलाच पाहिजे. टर्मिनलवर झाकण असावे. एसएमपीएस फळीच्या वर, भिंतीला, हवा खेळेल असा लावावा. फळीच्या खाली कधीही नाही, कारण पाणी खालीच येते. सॉकेटकडे जाणारी केबल आधी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबू द्यावी आणि मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी खालच्या वळणावरून गळून पडते. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर या निमित्ताने इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. बंद ॲडॉप्टर असेल तर पत्र्याला अर्थिंगची गरज पडत नाही, पण केबलचे वळण आणि उंचीचा नियम त्यालाही लागू आहे.

टांगणे आणि मोजणे

दिवा चार कोपऱ्यांवर साखळीने टांगावा, म्हणजे एस-हुक एकेक कडी सरकवून उंची बदलता येते. सुरुवात पानांपासून २५ सेंटिमीटरवरून करावी. फळीच्या तीन बाजूंना पांढऱ्या सनपॅक शीटचे (पोकळ प्लॅस्टिकच्या हलक्या तक्त्याचे) पडदे लावले, तर बाहेर सांडणारा बराच प्रकाश परत येतो आणि कडेच्या रोपांना त्याचा खरा फायदा होतो; मात्र वर आणि खाली चार बोटे जागा हवेसाठी मोकळी सोडावी. चुरगळलेली चंदेरी फॉइल लावण्याची पद्धत दिसते, पण साधा मॅट पांढरा रंग प्रकाश अधिक एकसारखा पसरवतो.

आता लक्समीटर पानांच्या उंचीवर आडवा धरून फळीच्या चार कोपऱ्यांवर, चार बाजूंच्या मध्यावर आणि मध्यभागी असे नऊ आकडे कागदावर फळीच्या आकृतीतच लिहावेत. माझ्या फळीवर मध्यभागी १५,६०० आणि सर्वांत मंद कोपऱ्यात १०,४०० लक्स आले. पडदे लावल्यावर तो कोपरा १२,५०० वर आला. कोपऱ्यांत पुदिना ठेवावा, कारण तो कमी प्रकाशातही तग धरतो. मिरचीची रोपे मध्यभागी ठेवावीत. तासाभराने पत्र्याच्या पाठीला हात लावावा. तो कोमट लागला पाहिजे. हात टेकवून ठेवता येत नसेल, तर कुठेतरी हवा कोंडते आहे किंवा पट्टी ठरवल्यापेक्षा जास्त वॉट घेते आहे.

चौदा तासांची वेळ टायमरवर सोपवावी, सकाळी ६ ते रात्री ८. पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा यांत्रिक टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की त्याचे घड्याळही थांबते आणि दोन तासांच्या भारनियमनानंतर तो दोन तास मागे पडलेला असतो. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे आतली बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. रात्रीचा अंधार काढून घेऊ नये. दिवा चोवीस तास लावल्याने वाढ दुप्पट होत नाही आणि टोमॅटोची पाने तर सततच्या प्रकाशाने पिवळी पडतात. कोथिंबिरीला मात्र बारा तासच द्यावेत, कारण दिवस लांबला आणि ऊब मिळाली की ती पाला सोडून फुलावर येते. शेवंतीची कुंडी या फळीवर ठेवूच नये. तिला कळ्या धरण्यासाठी लांब रात्र लागते; शेवंतीचे उत्पादक फुले लांबवण्यासाठी रात्री शेतात दिवे लावतात, तेच आपल्याकडून नकळत घडेल.

पुढचे पंधरा दिवस रोपेच उंची ठरवतात. दोन पानांमधील अंतर वाढू लागले आणि देठ फिकट झाले, तर दिवा दोन कड्या खाली घ्यावा. वरची कोवळी पाने पांढुरकी पडली किंवा त्यांच्या कडा वर वळल्या आणि खालची पाने मात्र हिरवीगार राहिली, तर दिवा वर घ्यावा. प्रकाश वाढल्यावर पाणीही अधिक लागते. खिडकीतल्या ट्रेला दोन दिवसांआड पुरणारे पाणी येथे रोज द्यावे लागते, आणि एक पातळ खत दर दहा दिवसांनी. पाणी घालताना दिवा बंद ठेवावा व ट्रे बाहेर काढून पाणी घालून परत ठेवावा.

महिन्यातून एकदा टॉप काढून पट्ट्या कोरड्या मऊ ब्रशने झटकाव्यात, कारण धुळीचा थर प्रकाश खातो. दर सहा महिन्यांनी तेच नऊ आकडे पुन्हा त्याच कागदावर जुन्या आकड्यांखाली लिहावेत. सगळीकडे सारखीच घट झाली असेल तर दिवा एक कडी खाली घेऊन भागते; एकाच पट्ट्यात घट दिसली, तर त्या ओळीचा जोड किंवा तिचा कनेक्टरमधील स्क्रू सैल झालेला असतो.